भोगावतीच्या डोहातला तंगूस : कामाच्या नोंदी

10 नोव्हेंबर 2024, रविवार

आज नुसती काठावरून पाहणी, पाण्यात कुणी उतरलं नाही. जागा म्हणजे कोल्हापूरजवळच्या भोगावती नदीवरचा एक कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की पुढच्या रविवारी रंकाळ्यावरची निम्मी गर्दी तिथं येऊन भेळ खात बसेल. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला डोह आहे, पावसाळा सरल्यावर बरगे (बंधाऱ्याचे गाळे बंद करायच्या फळ्या) घातले की पाणी तुंबतं आणि तिथून मेपर्यंत गळ टाकणाऱ्यांचा ठिय्या असतो, चिलापी, रोहू, कटला, नशीब असेल तर मरळ नाहीतर वाम, आणि सुट्टीदिवशी तर टेकायला दगड मिळत नाही.

काठावर काय पडलंय ते सगळ्यांना दिसतंच, क्वार्टरच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, कोंबडीच्या आतड्याच्या पिशव्या (गळाला लावायला आणतात, आतडी पाण्यात आणि पिशवी तिथंच), करंजाच्या फांदीला लोंबणारा तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. मंडळाची पोरं गणपतीनंतर काठ साफ करतात, दरवर्षी करतात, त्यांच्या कामाला आपण नावं ठेवायचं काही कारण नाही. पण आमच्यातल्या चौघांनी तारकर्ली-मालवणला स्कुबाचे कोर्स केलेत आणि वर्षातून एकदा समुद्रात मासे बघून येण्यापलीकडं त्याचा काही उपयोग होत नाहीये, म्हणून म्हटलं खाली काय आहे ते तरी बघू.

या डोहावर लहानपणापासून मासे धरणारे एक मामा आहेत, भोई समाजातले, साठी कधीच ओलांडलीय, आम्ही सगळे मामाच म्हणतो. त्यांना विचारलं तर म्हणाले, "वर दिसतंय ते कायच न्हाई. खाली तंगसाचं रान हाय. माझी जाळी दोनदा फाटली, तवापास्नं मी मधल्या अंगाला जातच न्हाई." मधला अंग म्हणजे बंधाऱ्यापासून वर शंभर-सव्वाशे फुटांवर, तिथं पुरात वाहून आलेली बाभळ बुडालीय म्हणे, 2019 ची का 2021 ची यावर काठावर दोन पार्ट्या आहेत.

परवानगीसाठी पत्रं टाईप करून ठेवलीत. 20 तारखेला विधानसभेचं मतदान, त्यामुळं कुठल्याही ऑफिसात गेलं की "साहेब इलेक्शन ड्युटीवर". थांबायचं.

24 नोव्हेंबर

काल निकाल लागला, आज रविवार असल्यानं पत्रांचं काही नाही, पण गेल्या आठवड्यात दोन भेटी झाल्या त्या लिहून ठेवतो.

वनविभाग: मगरीबद्दल विचारलं. कृष्णेत सांगलीकडं मगरी आहेत हे सगळ्यांना माहितीय, पंचगंगेतही अधूनमधून दिसल्याच्या बातम्या येतात. त्यांचं म्हणणं साधं होतं, थंडीत मगर ऊन खायला काठावर येते त्यामुळं हिवाळ्यात ती आहे की नाही हे कळायला सोपं, आधी दोन-तीन सकाळी नुसतं बसून बघा, आणि काम चालू असताना एक माणूस दुसरं काही न करता फक्त पाण्यावर नजर ठेवून पाहिजे. मंजूर. बसून बघितलं, पाणकावळे आणि खंड्या सोडून कुणी नाही.

पाटबंधारेचे इंजिनीअर: यांनी मगरीपेक्षा जास्त घाबरवलं, आणि बरोबरच घाबरवलं. बंधाऱ्याच्या वर पाणी, खाली कोरडं, आणि बरग्यांच्या फटीतून पाणी सुटत असतं. वरनं बघितलं तर किरकोळ गळती वाटते. त्यांनी कागदावर हिशोब मांडून दाखवला: पाण्याची उंची 3 मीटर धरली तर दाब चौरस सेंटिमीटरला 0.3 किलो, एक फूट बाय एक फूट भोक म्हणजे साधारण 900 चौरस सेंटिमीटर, त्यावर माणूस जाऊन चिकटला तर 270 किलो वजनानं दाबला जातो. वरनं दोरीनं ओढून सुद्धा निघत नाही. आणि जवळ जाईपर्यंत ओढ जाणवतही नाही, हे त्यातलं खरं वाईट. म्हणून नियम नंबर एक, बंधाऱ्याच्या भिंतीपासून 20 मीटरच्या आत कुणीही जाणार नाही, कितीही कचरा असला तरी. तिथं आडवी दोरी आणि रिकामे कॅन बांधायचे, त्या रेषेच्या पलीकडचा कचरा मे महिन्यात बरगे निघाल्यावर बघू.

8 डिसेंबर

सिलिंडर आले. इथं श्वासाची हवा भरून देणारा कंप्रेसर आम्हाला मिळाला नाही, मग मालवणच्या दादांकडनं भाड्यानं, फोंडा घाटातनं. गळीत हंगाम चालू आहे, राधानगरी रोडला उसाच्या डबल ट्रॉल्या आणि त्यावरचे स्पीकर, घाट बरा म्हणायची वेळ आली.

एका हितचिंतकानं सुचवलं की एवढं लांब कशाला, शिरोली एमआयडीसीत ऑक्सिजनचे सिलिंडर ढिगानं मिळतात. हे दर दोन महिन्यांनी कुणीतरी सुचवणार म्हणून एकदाच लिहून ठेवतो: डायव्हर ऑक्सिजनवर जात नाही, साधी हवाच दाबून भरलेली असते, त्यात 21 टक्के ऑक्सिजन. निव्वळ ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषासारखा वागतो, झटके येतात. डोह उथळ असला म्हणून काय झालं, सवय लागायला नको.

वजनाचं गणित पण बदलावं लागलं. समुद्राचं पाणी खारं म्हणून जड, अंगाला वर ढकलतं, तिथं कमरेला जेवढं शिसं लावायचो तेवढं इथं लावलं तर दगडासारखे तळाला. प्रत्येकाचं दोन-अडीच किलो कमी झालं. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, डायव्हिंगचे तक्ते 300 मीटरच्या वर उंचीचा फरक धरायला सांगतात. चार-पाच मीटर खोलीत त्यानं फार बिघडत नाही तरी डाईव्ह कॉम्प्युटरला सेटिंग केलं, आणि आदल्या दिवशी मालवणला डाईव्ह मारून घाट चढून लगेच इथं उतरायचं नाही असं ठरलं.

डॉक्टर ताईंनी सगळ्यांना रांगेत उभं करून धनुर्वाताची इंजेक्शनं दिली. गंजलेले गळ आहेत खाली. लेप्टोचा (उंदराच्या मुतानं घाण झालेल्या पाण्यातनं होणारा ताप) पण धोका सांगितला, हातापायाला जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात नाही, बाहेर आल्यावर साबण-पाणी, महिन्याभरात ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून घरी बसायचं नाही, त्यांना फोन.

22 डिसेंबर

पहिली उतरणी.

पाणी किती दिसतं ते मोजायला मामींच्या घरचं जुनं स्टीलचं ताट पांढरं रंगवून दोरीला बांधलंय, खाली सोडायचं आणि दिसेनासं झालं की दोरीवरची खूण बघायची. दीड फूट. म्हणजे हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. पावसाळ्यातला गाळ अजून पुरता बसलेला नाही.

अशा पाण्यात दोघं दोघं मोकळं पोहण्यात अर्थ नाही, म्हणून एकाच्या कमरेला दोर आणि दोराचं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. एक झटका ठीक आहे, दोन म्हणजे दोर ढिला सोड, तीन म्हणजे वर येतोय, चार किंवा सलग म्हणजे ओढ. दोर धरणारा मोबाईलवर बोलणार नाही. हा नियम आम्ही कागदावर लिहिलेला नव्हता पण पहिल्या दहा मिनिटांत लिहावा लागला.

खाली सगळं हातानं चाचपून. आधी वरच्यासारखंच, बाटल्या, चपला (नेहमी एकच, जोडी नाही), खताची पोती, देवाचे फ्रेमवाले फोटो, ओटीची साडी. साडीचा अनुभव वाईट, अंधारात पायाला गुंडाळलेलं काय आहे ते कळत नाही आणि माणूस पाय झाडतो, झाडला की जास्त गुंडाळतं. थांबायचं, श्वास घ्यायचा, हातानं शोधायचं. ती साडी बाहेर काढली तेव्हा काठावरच्या एका मावशींनी हात जोडले आणि मग म्हणाल्या, "ह्यो आता कुठं टाकणार?" याला उत्तर पाहिजे होतं. सध्या देवाच्या वस्तू वेगळ्या ठेवतोय, कचऱ्याच्या पोत्यात घालत नाही, ग्रामपंचायतीच्या निर्माल्य कुंडीजवळ देतोय. शहरात आता गणपती सुद्धा बरेचसे नदीऐवजी इराणी खणीत (जुन्या दगडखाणीत) जातात, लोक समजून घेतात, फक्त अपमान झाला असं वाटता कामा नये.

हवा अंदाजापेक्षा लवकर संपते. 12 लिटरच्या सिलिंडरात 200 बार दाब म्हणजे 2400 लिटर हवा, 50 बार राखीव सोडले तर 1800. निवांत पोहताना तासभर जाईल. पण अंधारात, ओढाओढ करत, मिनिटाला 50 लिटर सहज जातात, म्हणजे 36 मिनिटं. त्यामुळं अर्ध्या तासाला वर, वाद नाही.

5 जानेवारी 2025

ताट साडेचार फुटांवर गेलं. थंडी चांगली, पाणी निवळलंय. आज पहिल्यांदा बाभळ बघितली.

मामांनी रान म्हटलं होतं ते खरंच आहे. झाड आडवं पडलंय, मुळं वरच्या अंगाला, फांद्या बंधाऱ्याकडं, आणि प्रत्येक फांदीला तंगूस, जुना हिरवट, नवा पांढरा, मधेच त्या नवीन विणलेल्या ब्रेड लाईनचे पिवळे धागे. त्यात गळ, शिशाच्या गोळ्या, अर्धी जाळी, जाळीत बाटल्या. आणि त्या सगळ्यातनं चिलापीची पिल्लं मजेत फिरतायत. एक पाणकावळा पण होता, मेलेला, पंखाला तंगूस गुंडाळलेला, बहुतेक माशामागं बुडी मारली आणि वर येता आलं नाही.

वर आल्यावर वाद. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, झाडच काढून टाकू, क्रेन आणू, विषय संपला. मामा एवढंच म्हणाले की झाड काढलं तर मासा पण गेला. आणि त्यांचं बरोबर आहे, पिल्लांना मोठ्या माशापासून लपायला या डोहात दुसरी जागा नाही, वाळू उपशानं तळ सपाट झालाय. गळवाले तिथंच का टाकतात? मासा तिथं आहे म्हणून. मासा तिथं का? झाड आहे म्हणून. गळ अडकतो कशात? झाडातच. त्यामुळं नुसतं साफ करून आलं की पुढच्या रविवारी परत तेच. झाड ठेवायचं, तंगूस काढायचा, हे ठरलं, पण तो परत येणार नाही यासाठी काय करायचं ते कुणाकडंच नव्हतं.

19 जानेवारी

संक्रांत झाली, डबाभर तिळगूळ काठावर. दिवसभर कापाकापी.

तंगूस ओढायचा नाही, कापायचा. ओढला की दुसऱ्या टोकाचा गळ सुटून येतो आणि हातमोज्यातनं आत जातो. चाकूपेक्षा नर्सकडं असते तशी बोथट टोकाची कात्री बरी पडते, ब्रेड लाईन मात्र कात्रीला पण दाद देत नाही, त्याला आकड्याच्या आत पातं असलेलं कटर लागतं. प्रत्येकाकडं दोन कापायची हत्यारं, वेगवेगळ्या ठिकाणी, कारण एक हात अडकला तर दुसरा पोचला पाहिजे. फांदीला घट्ट बसलेलं, शेवाळ आणि शिंपले धरलेलं जुनं असेल तर टोकं कापून तेवढं तिथंच सोडतोय. सगळं खरवडून काढायच्या नादात झाड मोडेल.

कापलेलं सगळं जाळीच्या पिशवीत, पिशवी दोरीला, दोरी काठाला. पिशवी स्वतःच्या जॅकेटला अडकवायची नाही, ती जड झाली म्हणून तरंगायला जॅकेटात हवा भरली आणि मग ती सुटली की माणूस रॉकेटसारखा वर जातो. ट्रकच्या ट्यूबवर फळी टाकून तराफा केलाय त्यावर पिशव्या. मामांनी गुऱ्हाळाची जुनी काहील (गूळ शिजवायची मोठी कढई) आणली होती, त्यात ते एकटेच बसतात आणि कुणाला बसू देत नाहीत.

वर आल्यावर निवडणं हे खाली जाण्याइतकंच वेळखाऊ काम. तंगूस वेगळा, गळ जाड प्लास्टिकच्या बरणीत, शिसं वेगळं. शिसं भरपूर, दोन बादल्या. पोरं म्हणाली वितळवून परत गोळ्या करू. नाही, शिशाची वाफ चुलीवर खेळायची गोष्ट नव्हे. अशा गोळ्या पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि शिसं पोटात भिनून मरतात हे जगभर बघितलं गेलंय. भंगारवाल्याकडं.

2 फेब्रुवारी

उतरलो नाही. आठवड्याचं शेतीच्या लाईटचं वेळापत्रक बदललं, रात्रीची होती ती दिवसाची झाली, म्हणजे काठावरच्या सगळ्या मोटरी सकाळपासून चालू. मोटर चालू असताना पाण्यात उतरायचं नाही, एक म्हणजे केबलला चिरा पडलेल्या असतात आणि दुसरं म्हणजे पाईपच्या टोकाचा फुटबॉल (फूट व्हॉल्व्ह, पाणी ओढणारं जाळीचं तोंड), तो ओढून घेतो, मोजा अडकला तरी पुरे. शेतकऱ्यांशी बोलणं मात्र चांगलं झालं. फुटबॉलच्या जाळीत तंगूस आणि पिशव्या अडकून पाणी उचलत नाही ही त्यांची दरवर्षीची कटकट, एकानं तर मोटर जळालेली सांगितली. आम्ही फुटबॉल साफ करून द्यायचे, त्यांनी आमच्या दिवशी स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावून चावी आमच्या माणसाकडं द्यायची. भाषणं, बॅनर, शपथ यानं जे झालं नसतं ते या व्यवहारानं झालं.

16 फेब्रुवारी

आज सगळ्यात मजा आली. बाभळीच्या खालच्या अंगाला तळात एक चौकोनी, लांब, गंजलेली वस्तू होती, दोन आठवडे आम्ही तिला रेल्वेचा रूळ समजत होतो. बंधाऱ्याचा लोखंडी बरगा निघाला. बहुतेक कधीतरी पुरात वाहून, पण तो बंधाऱ्याच्या वर कसा गेला हे कोडंच आहे, चोरून नेताना काठावरनं पडला असं मामांचं मत. लोखंडी बरग्यांना भंगारात भाव आहे, चोऱ्या होतात. सरकारी मालमत्ता म्हणून आधी फोन, मग त्यांचा माणूस आल्यावरच हात लावला.

उचलायला लिफ्ट बॅग, म्हणजे उलटी धरलेली मजबूत पिशवी, खालून हवा भरायची. एक लिटर हवा साधारण एक किलो उचलते. लोखंडाचं वजन पाण्यात आठव्या हिश्श्यानं कमी होतं, फार फरक नाही. पण खरी अडचण वजनाची नसते, गाळाची असते. गाळ वस्तूला धरून ठेवतो, तुम्ही हवा भरत जाता, काही होत नाही, आणखी भरता, आणि एकदम सुटते आणि जास्तीच्या हवेनं सुसाट वर, वर गेली की पिशवी उलटते, हवा जाते आणि लोखंड परत खाली, खाली कोण असेल त्याच्या डोक्यात. म्हणून आधी हातानं आणि पहारीनं कडेचा गाळ मोकळा केला, बरगा डुलायला लागला, मग थोडी थोडी हवा, प्रत्येक वेळी बाजूला होऊन. निघाला तो असा हळू निघाला की काठावरच्यांना वाटलं काही झालंच नाही. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. दोर लावून ट्रॅक्टरनं ओढला.

पंचनाम्यावर सह्या. "पाण्याखालून सापडला" या वाक्यावर साहेबांनी दोनदा वर बघितलं.

9 मार्च

काम नाही. बुधवारपासून पाणी काळपट आणि उग्र वास, वरनं कुठून तरी साखर कारखान्याची मळी मिसळलेलं पाणी आलंय. मासे पृष्ठभागावर तोंड काढून, कडेला पांढरी पोटं. मळी स्वतः विष असते असं नाही, पण तिच्यात सडणारा माल इतका की तो कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू सगळा वापरून टाकतात आणि मासा गुदमरतो. नमुने घेऊन गेलेत. काठावर पोतीच्या पोती मासे गोळा करून नेणारे होते, विकायला. मामांनी काहील पालथी घातली आणि घरी गेले. आम्ही वेचलेला सगळा तंगूस त्या दिवशी फार किरकोळ वाटला, असो.

30 मार्च

पाडवा. वरच्या धरणातनं पाणी सोडल्यावर डोह धुऊन निघाला असं मामा सांगतात. पुढच्या आठवड्यात ताट टाकून बघू.

13 एप्रिल

काल जोतिबाची यात्रा होती, निम्मी टीम गुलालात, खोकल्यावर गुलाल निघतोय अशा माणसाला पाण्यात सोडत नाही. म्हणून आज काठावरचं काम, आणि मला वाटतं आत्तापर्यंतचं सगळ्यात कामाचं.

झालं असं की निवडताना मामा शेजारी बसून बघत होते आणि म्हणाले, ह्यात माझा तंगूस एक बी न्हाई. आम्हाला वाटलं बढाई. मग त्यांनी त्यांची गरी, म्हणजे गळाची बांधणी, दाखवली. गळ तंगसाला बांधलेला, पण वजन तंगसाला नाही, वजन वीतभर सुती दोऱ्यानं लोंबतंय, साधा गोधडी शिवायचा दोरा. अडकतं ते बहुतेक वेळा वजन, कारण ते तळाला घासत जातं. ओढलं की कच्चा दोरा तुटतो, वजन खाली राहतं, गळ आणि सगळा तंगूस हातात परत. बाकीचे काय करतात, वजन थेट तंगसालाच, आणि तंगूस आता इतका मजबूत मिळतो की तुटतच नाही, मग ओढून ओढून कंटाळतात आणि काठावरनं कोयत्यानं कापतात, चाळीस फूट एका झटक्यात डोहात.

म्हणजे बाभळीवरचं रान हे बेफिकिरीचं जेवढं तेवढंच गाठीचं होतं.

आता दोरा तुटून खाली राहणारं वजन शिशाचं नको, हे आमच्या इंजिनीअर भाऊच्या डोक्यातनं आलं. उद्यमनगरात आणि शिरोलीच्या फाउंड्रीत रिजेक्ट नट पोत्यानं पडलेले असतात. दोन पोती फुकट मिळाली. दिवसभर काठावर बसून प्रत्येक गळवाल्याला, दादा एक मिनिट, असं करून नट आणि दोऱ्याचं रीळ. बरेच जण मामांना ओळखतात म्हणून ऐकून घेतलं. तक्रारी पण खऱ्या होत्या, लिहून ठेवतो: लोखंड शिशापेक्षा हलकं, तेवढ्याच वजनाला नट मोठा लागतो आणि मोठा म्हणून जास्त अडकतो. रीळवाली लांब काठी फेकणाऱ्यांचा दोरा फेकतानाच तुटतो आणि नट समोरच्या काठावर, एकाच्या स्कूटरच्या आरशाला लागता लागता वाचला. त्यांना दोरा दुहेरी करून बघायला सांगितलंय, पण मला शंका आहे. हातानं टाकणाऱ्यांना जमतं, काठीवाल्यांना नाही, असं सध्या तरी दिसतंय. काठीवाले बहुतेक शहरातनं येतात आणि ब्रेड लाईन पण त्यांचीच.

तुटका तंगूस टाकायला पीव्हीसी पाईपचे तुकडे बंद बुडाचे करून झाडांना बांधलेत. त्यात संध्याकाळपर्यंत तंगूस कमी, गुटख्याच्या पुड्या जास्त.

4 मे

जानेवारीत बाभळीच्या एका बाजूला दहा बाय दहा फुटांचा चौकोन दोरीनं आखून पूर्ण साफ केला होता, तो आज परत तपासला. पाणी कमी झालंय, ताट तीन फूट.

नवा तंगूस आहे. पण तुकडे आखूड, वीत-दोन वीत, लांब एकच आणि तो पिवळा ब्रेड. नट बरेच. नटांना गंज चढलाय, काहींवर गोगलगायी. आमच्यातला एक म्हणाला आपण कचरा काढायला आलो आणि लोखंड टाकून चाललो. मुद्दा बरोबर आहे, पण लोखंड गंजून जातं, तंगूस आणि शिसं जात नाही. मामा तर म्हणतात नट पण कशाला, नदीत गोटे काय कमी आहेत, दोऱ्यात गोटा आवळायचा. पुढच्या हंगामात गोट्यावरच जायचं असं मत पडतंय. गोट्याला दोरा निसटतो म्हणून पोरांनी फेविक्विक लावून बघितलं, मामा बघून उठून गेले.

25 मे

पाऊस चार-पाच दिवस लागून आहे, मे महिन्यात असा धोधो कुणाला आठवत नाही, मान्सून केरळात कालच आला म्हणे आणि आज महाराष्ट्रात. बरगे काढायचं काम दरवर्षी निवांत व्हायचं ते या वेळी पळापळीत, निम्मे निघाले तेवढ्यात नदी वरनं यायला लागली. बंधाऱ्यावरनं पाणी गेलंय. बंधाऱ्यालगतच्या 20 मीटरचा कचरा मे मध्ये बघू म्हटलं होतं, तो आता पाण्याबरोबर खालच्या गावाला. चौकोनाची दोरी, कॅन, खुणा सगळं गेलं असणार. बाभळ राहिली तर ऑक्टोबरनंतर कळेल.

बाकी: सिलिंडर धुऊन, पुसून परत मालवणला पोचवायचेत, घाटात दरड आहे का ते आधी विचारणे. दोन रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारं यंत्र) सर्व्हिसिंगला, खर्च कोण करणार यावर ग्रुपवर तीन दिवस शांतता. वर काढलेला बरगा अजून ऑफिसच्या आवारात पडून, तो परत गाळ्यात बसतो का ते इंजिनीअर साहेबांना विचारायचं. सुती दोऱ्याची रिळं वीस आणायची, जाड नंबरची, गोधडीवाल्या मावशींकडं मिळतात.